धार बोथट, हात बधिर

वळवाचा पाऊस आला की पुण्यात झाडे पडतात. कुठे गुलमोहर रस्त्यावर आडवा होतो, तर कुठे पर्जन्यवृक्षाची जाड फांदी मोटारीवर कोसळते. मग अग्निशमन दलाचे जवान किंवा उद्यान विभागाचे कामगार येतात, दोरी ओढली जाते आणि चेनसॉचा कर्कश आवाज सुरू होतो. बघ्यांना ही सगळी ‘कटर’ सारखीच वाटतात. प्रत्यक्षात त्याच बुंध्याला एक यंत्र काही सेकंदांत कापते, तर दुसरे मिनिटभर रेंगाळते. हा फरक फक्त वाहतूक मोकळी होण्यापुरता नसतो, तो यंत्र धरणाऱ्याच्या बोटांपर्यंत आणि कानांपर्यंत पोहोचतो.

कागदावर बरोबरी

शहरातल्या अशा कामाला साधारण ५० ते ६० सीसीची मध्यम व्यावसायिक यंत्रे सोयीची ठरतात. ती एकट्या माणसाला पेलतात आणि बहुतेक फांद्यांना व मध्यम बुंध्यांना पुरतात. या गटातली दोन नावाजलेली यंत्रे म्हणजे स्टीलचे एमएस २६१ आणि हस्कवर्नाचे ५५० एक्सपी मार्क २. दोन्हींचे इंजिन सुमारे ५० सीसीचे आहे आणि दोन्हींची ताकद सुमारे ३ किलोवॉट, म्हणजे ४ अश्वशक्ती. पट्टी व साखळी वगळता दोन्हींचे वजन ५ किलोच्या आसपास. मग निवड कशावरून करायची? उत्तर इंजिनापेक्षा साखळीत जास्त सापडते.

अळीकडून घेतलेला धडा

चेनसॉची जुनी साखळी हातकरवतीसारखी लाकूड ओरबाडत असे. १९४६ मध्ये अमेरिकेतील ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी दिसली. ती जबडा डावी-उजवीकडे चालवत लाकडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांतून सहज वाट काढत होती. कॉक्सने साखळीचे दात त्या जबड्याच्या धर्तीवर बनवले. आजच्या साखळ्या त्याच वंशातल्या आहेत. एक दात डावीकडे कापतो, पुढचा उजवीकडे, आणि भुशाऐवजी ढलप्या उडतात.

प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. तो दातापेक्षा साधारण पाऊण मिलिमीटरने किंवा त्याहून थोडा कमी खाली असतो, आणि दात लाकडात किती खोल शिरणार हे तोच ठरवतो. उंचवटा उंच राहिला तर दात नुसता घसरतो. कानशीने तो फार घासला तर दात जास्त चावतो, यंत्र धडधडते आणि उसळण्याचा धोका वाढतो.

तुलना कशी करावी?

तुलना प्रामाणिक हवी, तर ओंडका एकच, पट्टीची लांबी सारखी आणि दोन्ही साखळ्या नव्या हव्यात. समजा ३० सेंटिमीटर व्यासाचा ओंडका आहे. त्याच्या कापाचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर भरते. एका यंत्राने तो १० सेकंदांत कापला, तर वेग सेकंदाला जवळपास ७० चौरस सेंटिमीटर झाला. प्रत्येक यंत्राने किमान तीन काप घेऊन सरासरी काढावी. हीच चाचणी वाळलेल्या चिंचेवर केली तर आकडे खाली येतात, ओल्या गुलमोहरावर वर जातात. म्हणून लाकूड न सांगता दिलेल्या आकड्याला अर्थ नाही.

रस्त्यावर मात्र चाचणीची परिस्थिती मिळत नाही. मुळाशी माती असते, खोडात फलकाचे खिळे असतात. साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने धावते. मातीतली वाळू तिच्या पोलादापेक्षा कठीण असल्याने जमिनीला क्षणभर टेकली तरी धार जाते. मग ताकदीचे यंत्रही हलक्या पण धारदार यंत्रापुढे मागे पडते. धार गेल्याची खूण सोपी आहे. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतो आणि यंत्र आपोआप लाकडात उतरत नाही, त्याला दाबावे लागते.

बोटांचा हिशेब

हे दाबणेच महागात पडते. मूठ जितकी घट्ट आवळावी, तितके कंपन हातात जास्त उतरते. वर्षानुवर्षांच्या कंपनाने बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. थंड देशांत अशा कामगारांची बोटे पांढरी पडतात. आपल्यासारख्या उष्ण हवेत मुंग्या आणि बधिरपणा अधिक दिसतो, आणि ‘काम जास्त झाले’ म्हणून तो सोडून दिला जातो. पुढे शर्टाची गुंडी लावणेही अवघड होते. नसांची हानी बहुधा भरून येत नाही.

युरोपीय नियमांनुसार आठ तासांच्या कामात हाताला सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके कंपन पोहोचले, की मालकाने उपाय योजणे बंधनकारक ठरते. यंत्राचे कंपन ३.५ असेल तर ही पातळी चार तासांत गाठली जाते, ५ असेल तर दोनच तासांत. म्हणजे कंपन थोडे वाढले तरी सुरक्षित वेळ झपाट्याने घटतो. त्यात बोथट साखळीने प्रत्येक काप लांबला, तर हिशेब आणखी बिघडतो.

कानांचेही तसेच. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम चालते, पण दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे, आणि पेट्रोलची चेनसॉ सहसा त्याहून मोठा आवाज करते. त्यामुळे कानांवर संरक्षक मफ हवेतच.

हे पाहून घ्या

सोसायटीतली फांदी तोडायला ठेकेदार बोलावताना महापालिकेची परवानगी तपासावीच, कारण १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने ती आवश्यक आहे. शिवाय कामगाराकडे हेल्मेट, चेहऱ्याची जाळी, कानांचे मफ, कापापासून वाचवणारी विजार आणि बूट आहेत का, यंत्राचा साखळी-ब्रेक चालतो का, हेही विचारावे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर यंत्र क्षणार्धात चेहऱ्याकडे उसळते. त्या वेळी हा ब्रेकच साखळी थांबवतो.

झाड पडलेच, तर १०१ क्रमांकावर कळवून लांब उभे राहावे. वीजवाहिनी अडकली असेल तर पुरवठा बंद होईपर्यंत फांदीला हात लावू नये. आणि कामगार मधेच थांबून कानस काढून बसला, तर घाई करू नये. त्या पाच मिनिटांत झाडही लवकर निघते आणि त्याचे हातही वाचतात.