मांजर सूड उगवत नाही

धान्याला उंदीर लागू नयेत म्हणून मांजर पाळणारी घरं नांदगाव तालुक्यात आजही आहेत. अशा घरात कुत्र्याचं पिल्लू किंवा दुसरं मांजर येतं आणि आजवर शिस्तीत राहिलेलं मांजर गादीवर, कपड्यांवर घाण करू लागतं. मग त्याला मार बसतो, नाहीतर पोत्यात घालून लांब सोडलं जातं. याच्या मुळाशी काही गैरसमज आहेत.

गैरसमज : मांजर मुद्दाम सूड घेतं.
वस्तुस्थिती : मांजर आपली हद्द वासाने ओळखतं. परका वास शिरला की ते बिथरतं. त्याच्या शू-शीच्या जागेची वाट पिल्लाने अडवली, तर तिकडे जायला धजत नाही आणि जिथे सुरक्षित वाटतं तिथे बसतं. त्यामागे भीती असते, द्वेष नसतो.

गैरसमज : घाणीत नाक घासलं की सवय सुटते.
वस्तुस्थिती : त्याने भीती वाढते. मांजर तुम्हाला टाळू लागतं आणि लपून घाण करतं. सोडून देणं हा तर उपायच नाही. उपाशी-तहानेलं राहील अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

गैरसमज : भिंतीवरचा फवाराही साधी शूच.
वस्तुस्थिती : उभ्याने, शेपटी थरथरवत भिंतीवर थोडीशी धार मारणं म्हणजे हद्दीची खूण. नसबंदीनंतर दहापैकी साधारण नऊ बोक्यांमध्ये ही सवय थांबते किंवा बरीच कमी होते. बसून, भरपूर शू होत असेल तर कारण वेगळं असतं.

गैरसमज : फिनेलने पुसलं की काम झालं.
वस्तुस्थिती : काळ्या फिनेलमधली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. पंजे चाटताना ती पोटात जातात आणि विषबाधा होऊ शकते. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास तर शूसारखाच असतो. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग एन्झाइमयुक्त क्लीनर वापरा. पाणीटंचाईच्या दिवसांत बादल्या ओतून फरशी धुण्यापेक्षा हे सोयीचंही आहे.

गैरसमज : समोरासमोर सोडलं की दोघं आपोआप जुळवून घेतात.
वस्तुस्थिती : पहिल्याच भेटीत झटापट झाली तर ती धास्ती दीर्घकाळ टिकते. नव्या पाहुण्याला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. एकमेकांची अंथरुणं अदलाबदल करा, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या, मग फटीतून दर्शन आणि शेवटी भेट. याला काही आठवडेही लागतात. मांजराला चढून बसायला उंच फळी हवीच.

गैरसमज : वाळूचं एक घमेलं सगळ्यांना पुरतं.
वस्तुस्थिती : जितकी मांजरं, त्याहून एक घमेलं जास्त ठेवा. ती वेगवेगळ्या कोपऱ्यांत, जेवणापासून दूर असावीत. वाळू बारीक असावी आणि घाण रोज काढावी.

गैरसमज : हा फक्त स्वभावाचा प्रश्न आहे.
वस्तुस्थिती : ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊ शकते. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायल्याने शू दाट होऊन त्रास वाढतो. म्हणून दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा आणि सगळ्यात आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्या.

बोका वारंवार बसतो, कुंथतो आणि शूचा थेंबही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच घडीला पशुवैद्यकाला गाठा.