वेबसाइट नव्याने बांधताय? डिझाइन शेवटी, यादी आधी!



तुम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर, दुकानांसाठीचं ॲप किंवा पेमेंटचं प्लगिन विकता, किंवा विकायचं ठरवताय. मग मालाबरोबर आणखी एक गोष्ट द्यावीच लागते: ते कसं बसवायचं, कसं वापरायचं, अडलं तर काय करायचं याची लेखी माहिती. यालाच डॉक्युमेंटेशन म्हणतात. ती नीट असेल तर समोरचा डेव्हलपर वाचून स्वतःच काम उरकतो. नसेल तर रात्री साडेदहाला तुमचा फोन वाजतो.

दोन-तीन वर्षांत ही साइट जुनी होते. पानं कुणीही, कशीही टाकलेली असतात. मग एक दिवस ठरतं, "चला, नवीन करून टाकू." आणि पहिली चर्चा होते रंगांची! खरा धोका इथेच आहे. रंग चुकला तर बदलता येतो. पण जुनी माहिती गेली, गुगलवरून येणारे वाचक गेले किंवा लिहिणारी माणसं गेली, तर ती परत आणायला वर्षं लागतात.

एक मोठं उदाहरण: एमडीएन

वेबसाइट बनवणाऱ्या कुणालाही विचारा, एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टमध्ये अडलं की कुठे बघता? बहुतेक जण एमडीएनचं नाव घेतील. ही फायरफॉक्सवाल्या मोझिलाची साइट. नेटस्केपची डेव्हएज नावाची डेव्हलपर साइट 2004 मध्ये बंद झाली. तिचा मजकूर वापरायची परवानगी मोझिलाने एओएलकडून मिळवली आणि 2005 मध्ये विकी पद्धतीची साइट सुरू केली. म्हणजे कुणीही खातं उघडून पान सुधारू शकत होतं.

तेव्हापासून या साइटचं आतलं यंत्र अनेकदा बदललं. आधी मीडियाविकी, 2008 मध्ये डेकीविकी, 2012 मध्ये स्वतः बनवलेलं कुमा, आणि डिसेंबर 2020 मध्ये यारी. आज तिथे नुसत्या इंग्रजीतच दहा हजारांहून जास्त पानं आहेत. इंजिन बदलत गेलं, पण गाडीतला माल टिकला. तो कसा टिकला, ते आपल्या कामाचं आहे.

1. आधी मोजदाद

दुकान हलवताना आपण आधी स्टॉक मोजतो ना? तसंच. एक एक्सेल शीट घ्या. प्रत्येक पानाचा पत्ता, शेवटचा बदल कधी, कोण बघतं, किती जण वाचतात हे लिहा. शेवटच्या रकान्यात निर्णय: ठेवायचं, जोडायचं की काढायचं. एमडीएननेही कालबाह्य पानं मुख्य साइटवरून काढून वेगळ्या संग्रहात ठेवली.

2. जुने पत्ते मोडू नका

दुकान हलवलं की जुन्या शटरवर आपण "नवीन पत्ता" अशी पाटी लावतो. वेबसाइटवर या पाटीला रिडायरेक्ट म्हणतात. एमडीएनकडे यासाठी चक्क एक फाइल आहे: प्रत्येक ओळीत जुना पत्ता आणि त्याचा नवा पत्ता. ही फाइल मजकुराबरोबरच सांभाळली जाते. तुमच्या डेव्हलपरला काम देतानाच सांगा, "रिडायरेक्टची यादी मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही."

3. लिहिणार कोण, तपासणार कोण?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. विकीवर बदल केला की तो लगेच दिसायचा. सोपं होतं, पण स्पॅमही यायचं आणि चुकीचा बदल आधी छापला जायचा, नंतर सापडायचा. 2020 मध्ये मजकूर डेटाबेसमधून काढून गिटहबवर नेला. आता तुम्ही बदल सुचवता, दुसरं कुणी तपासतं, मगच तो साइटवर जातो.

दर्जा सुधारतो, पण किंमतही आहे. ज्याला गिटहब येत नाही, त्याला दोन शब्द सुधारणंही जड जातं. तुमच्याकडे लिहिणारे कोण आहेत ते बघा. सगळे प्रोग्रामर असतील तर हीच पद्धत घ्या. सपोर्टची मुलं किंवा डीलर लिहिणार असतील, तर सोपा एडिटर द्या आणि प्रकाशित करायचं बटण एकाच्याच हातात ठेवा.

आणि हो, बाहेरची माणसं लिहिणार असतील तर त्या मजकुराचा हक्क कुणाचा, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. एमडीएनवर क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना आहे. त्यामुळे मजकूर इकडून तिकडे नेताना प्रत्येकाच्या मागे धावावं लागत नाही.

4. सगळं एकदम नको

2020 च्या बदलात इंग्रजी सोडून बाकी भाषांमधलं संपादन आधी थांबवलं. मग ज्या भाषेची जबाबदारी घ्यायला माणसं पुढे आली, ती भाषा पुन्हा सुरू केली. तुम्हालाही मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही हवं असेल. पण सांभाळणारा माणूस ज्या भाषेला आहे, तीच आधी सुरू करा. जुनी, चुकीची माहिती ही माहिती नसण्यापेक्षा वाईट.

आणखी एक बघा. यंत्र बदललं डिसेंबर 2020 मध्ये, नवं रूप आलं मार्च 2022 मध्ये. दोन्ही एकत्र केलं असतं, तर बिघाड नेमका कशामुळे झाला हे शोधणं अवघड गेलं असतं.

5. बांधायला पैसे, सांभाळायलाही पैसे

ऑगस्ट 2020 मध्ये मोझिलाने सुमारे 250 जणांना कमी केलं. त्यात एमडीएनसाठी लिहिणारेही होते. नवं यंत्र तयार होत होतं आणि लिहिणारे हातच कमी झाले! पुढे जानेवारी 2021 मध्ये ओपन वेब डॉक्स नावाचा उपक्रम सुरू झाला. गुगल, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्यांच्या पैशातून तिथे लेखकांना पगार मिळू लागला. ब्राउझरच्या बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणारे इथे एकत्र आले, कारण ही माहिती सगळ्यांनाच लागते.

आपल्यासाठी धडा सरळ आहे. हातात एक लाख असतील तर सगळे साइट बांधण्यात घालू नका. वर्षभर दर आठवड्याला कुणीतरी दोन तास पानं तपासेल, एवढे पैसे आधी बाजूला काढा. तेवढेही निघत नसतील तर नवीन साइट सध्या नकोच. जुन्याच साइटवरची सर्वात जास्त वाचली जाणारी वीस पानं नीट करा. ग्राहकाला फरक तिथेच जाणवेल.

आजचा होमवर्क

डिझायनरला फोन करायच्या आधी एका कागदावर चार उत्तरं लिहा: काय हरवून चालणार नाही? जुने पत्ते कुठे जातील? कोण लिहिणार आणि कोण तपासणार? आणि साइट सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी तिच्याकडे कोण बघणार? चौथ्या प्रश्नापुढे माणसाचं नाव लिहिता आलं, तरच कोटेशन मागवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, कमवत राहा!