गेटेड रिव्हर्ब

गेटेड रिव्हर्ब हे ध्वनिमुद्रण व ध्वनिमिश्रण यांतील एक तंत्र असून ते मुख्यतः ड्रम या तालवाद्यासाठी वापरले जाते. यात वाद्यावरील आघाताला मोठ्या खोलीचा भरघोस निनाद जोडला जातो आणि तो निनाद आपोआप विरण्यापूर्वीच नॉइज गेट या उपकरणाने एकाएकी तोडला जातो. परिणामी प्रत्येक आघात प्रचंड आकाराचा भासतो, मात्र त्याच्या पाठोपाठ लगेच शांतता येते. १९७९ साली लंडनमधील टाउनहाउस स्टुडिओत पीटर गेब्रिएल यांच्या तिसऱ्या अल्बमचे काम चालू असताना हा नाद ठाशीव स्वरूपात घडला आणि फिल कॉलिन्स यांच्या ‘इन द एअर टुनाइट’ (१९८१) या गीतामुळे तो जगभर पोहोचला. हे तंत्र सहसा उपकरणांची करामत म्हणून सांगितले जाते. प्रत्यक्षात कोणती वाद्ये ठेवावीत, कोणती गाळावीत आणि कोठे थांबावे या वाद्यरचनेतील निर्णयांवर ते तितकेच अवलंबून आहे.

निनाद आणि नॉइज गेट

बंद जागेत वाजविलेल्या ड्रमचा ध्वनी श्रोत्यापर्यंत दोन प्रकारे येतो. आधी वाद्यातून थेट आलेला ध्वनी पोहोचतो. मग भिंती, छत व जमीन यांवरून परावर्तित झालेल्या असंख्य ध्वनींचा एकजीव झालेला निनाद ऐकू येतो. दगडी देवळाच्या सभामंडपात वाजविलेली टाळी रेंगाळते ती याच कारणाने. निनादामुळे जागेचा आकार जाणवतो व वाद्य भारदस्त वाटते. परंतु तो लांबला की पुढच्या आघातावर पसरतो, गायकाचे शब्द झाकोळतात आणि लय धूसर होते. ही अडचण टाळण्यासाठी १९७०च्या दशकात अनेक स्टुडिओंत खोली ध्वनिशोषक साहित्याने मढवून आणि ड्रमच्या प्रत्येक भागाजवळ स्वतंत्र मायक्रोफोन लावून कोरडा नाद मुद्रित केला जाई.

त्याच काळात उलट दिशेचे प्रयोगही झाले. लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ (१९७१) या गीतासाठी ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जिन्याच्या तळाशी जॉन बॉनम यांचे ड्रम मांडले आणि दोन मायक्रोफोन वर जिन्यावर लावले. तेथील घुमारा पूर्ण विरू देणे शक्य झाले, कारण गीताची लय संथ होती.

नॉइज गेट हे उपकरण मुळात अनावश्यक आवाज रोखण्यासाठी आहे. ध्वनी ठरावीक पातळीच्या वर गेला की ते उघडते आणि खाली आला की बंद होते. बंद होण्यापूर्वी किती वेळ थांबावे आणि बंद होताना किती झपाट्याने व्हावे, हे ध्वनिमुद्रक ठरवतो. १९७७ साली बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत निर्माते टोनी व्हिस्कोंटी यांनी डेव्हिड बोवी यांच्या ‘हीरोज’ या गीतात गेटचा वेगळाच उपयोग केला. त्यांनी एक मायक्रोफोन गायकाजवळ, दुसरा सुमारे २० फुटांवर आणि तिसरा सुमारे ५० फुटांवर ठेवला. दूरच्या दोन मायक्रोफोनना गेट लावलेले असल्याने गायकाने आवाज चढविल्यावरच सभागृहाचा निनाद गीतात प्रवेश करी. गेट केवळ स्वच्छतेचे साधन न राहता अभिव्यक्तीचे साधन होऊ शकते, हे येथे दिसले होते.

टाउनहाउस स्टुडिओ, १९७९

गेब्रिएल यांच्या अल्बमचे निर्माते स्टीव्ह लिलीव्हाइट, तर ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम होते. टाउनहाउसमध्ये दगडी भिंतींची एक खणखणीत खोली होती, तसेच सॉलिड स्टेट लॉजिक या कंपनीचा नवा मिक्सिंग कन्सोल होता. त्याच्या प्रत्येक मार्गिकेवर कॉम्प्रेसर व नॉइज गेट अंगभूत होते. तोवर ही उपकरणे वेगळी आणून जोडावी लागत.

या कन्सोलला ‘लिसन माइक’ अशी एक सोय होती. वादक खोलीत काही बोलले तर ते नियंत्रण कक्षात ऐकू यावे, एवढ्यासाठीच खोलीत एक मायक्रोफोन टांगलेला असे. जवळचे मोठे बोलणे आणि दूरची कुजबुज सारख्याच पातळीवर यावी म्हणून त्याला अत्यंत तीव्र कॉम्प्रेसर जोडलेला होता. कॉलिन्स वाजवीत असताना पॅजम यांनी ही कळ दाबली आणि नियंत्रण कक्षात एक अवाढव्य नाद घुमला. लिसन माइकचा ध्वनी मुद्रित करण्याची तजवीज कन्सोलमध्ये नव्हती. त्यामुळे तंत्रज्ञांकडून जोडणी बदलून घ्यावी लागली.

या नादाचे कारण दोन उपकरणांच्या क्रमात आहे. आघात होताच कॉम्प्रेसर ध्वनीला जोराने दाबतो. आघात ओसरू लागला की तो आपली पकड सोडतो आणि खोलीतील क्षीण होत चाललेला निनाद वर उचलला जातो. त्यामुळे निनाद विरण्याऐवजी फुगल्यासारखा वाटतो. तो असा फुगलेला असतानाच गेट बंद होते. निसर्गात कोणतीही खोली असे वागत नाही, आणि या नादातील दचकविणारा गुण त्यातूनच येतो.

शोधाचे श्रेय कोणाचे, याविषयी एकमत नाही. कॉलिन्स, पॅजम, लिलीव्हाइट आणि गेब्रिएल या चौघांचाही त्यात वाटा मानला जातो, आणि पुढील विवेचनावरून तेच न्याय्य वाटते.

झांजांविना ड्रम

गेब्रिएल यांनी या अल्बमसाठी ड्रमवादकांना झांजा वापरू नयेत असे सांगितले होते. हा निर्णय शोधापूर्वीचा, निव्वळ वाद्यरचनेचा होता. परंतु त्याविना हे तंत्र क्वचितच यशस्वी झाले असते. झांजेचा ध्वनी दीर्घ व उच्च कंप्रतेचा असतो. तीव्र कॉम्प्रेसरखाली तो सतत वर उचलला जातो, सगळी खोली सळसळाटाने भरून जाते आणि ध्वनीची पातळी खाली न आल्याने गेट बंदच होत नाही. कॉलिन्स यांच्या टॉमटॉमना खालच्या बाजूस कातडे नव्हते, त्यामुळे त्यांचा स्वतःचा नाद आखूड होता. हेही पथ्यावर पडले.

अल्बममधील पहिले गीत ‘इंट्रूडर’ याच नादाने सुरू होते. कॉलिन्स यांनी त्यात एकच साधा ठेका फारसा न बदलता वाजविला आहे. कुशल वादकाला हा संयम सोपा नसतो. पण आघातांमध्ये अंतर राखले नाही तर तुटलेली शांतता ऐकूच येत नाही.

‘इन द एअर टुनाइट’

जानेवारी १९८१ मध्ये प्रकाशित झालेल्या या गीतात कॉलिन्स व पॅजम यांनी हाच नाद वापरला, पण त्याहून महत्त्वाची आहे ती त्याची जागा. गीताचा बराच भाग रोलँड सीआर-७८ या ड्रमयंत्राच्या मंद ठेक्यावर, लांबलेल्या कीबोर्डस्वरांवर आणि गायनावर चालतो. खरे ड्रम सुमारे साडेतीन मिनिटांनंतर, टॉमटॉमच्या एका छोट्या वळणाने प्रवेश करतात. श्रोत्याचा कान तोवर लहान, कोरड्या ठोक्यांना सरावलेला असतो. म्हणून तो प्रवेश आहे त्याहून मोठा भासतो.

ही रचना धोक्याची होती. अटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमत एर्टेगुन यांना ठेका इतका उशिरा येणे पटले नाही आणि त्यांच्या सूचनेवरून एकगीत तबकडीसाठी आधीच्या भागात जादा ड्रम घालण्यात आले. ‘फेस व्हॅल्यू’ या अल्बममध्ये मात्र ती प्रतीक्षा कायम आहे. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्यास वाद्यरचनेचा परिणाम कळतो: तेच वळण, तोच निनाद, पण आधी ड्रम ऐकलेल्या कानाला त्याचा धक्का कमी बसतो.

मिश्रणातील वापर

प्रचलित पद्धतीत ड्रमच्या मार्गिकेतून एक शाखा निनादयंत्राकडे नेतात, त्यानंतर कॉम्प्रेसर व शेवटी गेट लावतात. गेट निनादाच्याच पातळीवर उघडू दिल्यास ते बेभरवशाचे ठरते. म्हणून त्याचे नियंत्रण स्नेअर ड्रमजवळच्या मायक्रोफोनच्या संकेताकडे सोपवितात. आघात झाला की गेट उघडते आणि नेमलेल्या वेळाने मिटते.

हा वेळ गीताच्या लयीशी जुळवावा लागतो. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची व अर्धी मात्रा ३०० मिलिसेकंदांची असते. निनाद अर्ध्या मात्रेवर तुटला तर ती तूटही ठेक्याचा भाग होते. जरा मागेपुढे झाल्यास ठेका अडखळल्यासारखा वाटतो. द्रुत लयीत हा अवकाश इतका आक्रसतो की निनाद फुलण्याआधीच तोडावा लागतो. शिवाय त्या क्षणी विकृत गिटार किंवा दाट कीबोर्ड अखंड वाजत असेल, तर तूट त्याखाली झाकली जाते. अशा वेळी गेटचे आकडे बदलत बसण्यापेक्षा त्या वाद्याला विराम देणे अधिक उपयोगी पडते.

पॅजम यांनीही हे तंत्र सर्वत्र वापरले नाही. द पोलीस या गटाच्या ‘सिंक्रोनिसिटी’ (१९८३) मध्ये ते ध्वनिमुद्रक होते. स्टुअर्ट कोपलँड यांचे वादन हाय-हॅट व झांजांच्या बारीक नक्षीवर उभे असल्याने तेथे तोडलेल्या निनादाला प्रमुख स्थान नाही.

प्रसार आणि ओहोटी

१९८०च्या दशकाच्या प्रारंभी एएमएस कंपनीच्या आरएमएक्स-१६ या अंकीय निनादयंत्रात ‘नॉनलिन’ हा तयार प्रकार आला. पाठोपाठ यामाहा एसपीएक्स-९० सारख्या स्वस्त यंत्रांनीही तो दिला. आता दगडी खोली लागत नव्हती, झांजा गाळण्याचीही गरज उरली नव्हती. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ (१९८४) मधील स्नेअरचा नाद हे या काळाचे ठळक उदाहरण आहे. एका कळीवर मिळू लागल्याने हा नाद संथ-द्रुत, विरळ-दाट अशा सर्व गीतांवर सरसकट चढविला गेला आणि दशक सरता सरता जुनाट वाटू लागला. १९९०च्या दशकात रॉक संगीत पुन्हा खऱ्या खोलीच्या, न तोडलेल्या निनादाकडे आणि कोरड्या ड्रमकडे वळले.

एकविसाव्या शतकात १९८०च्या दशकाची आठवण जागविणाऱ्या सिंथपॉप संगीतात तो परत आला आहे. टाउनहाउस स्टुडिओ २००८ साली बंद झाला. तेथील लिसन माइकच्या कॉम्प्रेसरची संगणकीय प्रतिकृती मात्र सॉलिड स्टेट लॉजिकने स्वतःच प्लगइनच्या रूपात उपलब्ध करून दिली.