मद्यार्कावरील मोटार आणि इंजेक्टरचे माप

दुकानात माप खोटे ठरले तर पत जाते. इंजिनात माप चुकले तर पिस्टन जातो. मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या आपल्या सभासदांस या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करण्याची वेळ आता आली आहे. उसापासून साखरेबरोबर मद्यार्कही निघतो, ही गोष्ट बेळगावकडील मंडळींस नवी नाही. त्यालाच इथेनॉल म्हणतात. आपल्या देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. अमेरिका आणि स्वीडन या देशांत तर ‘ई-८५’ नावाचे, बहुतांशी मद्यार्कच असलेले इंधन पंपावर मिळते. अशा इंधनावर टर्बोचार्जर बसविलेली मोटार चालवावयाची झाल्यास इंजेक्टर कोणत्या मापाचा घ्यावा, हा या लेखाचा विषय होय.

प्रथम मूळ कारण पाहू. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. शुद्ध इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असल्यामुळे त्याला ९ किलो हवा पुरते, आणि ई-८५ ला सुमारे ९.८ किलो. अर्थात इंजिनाने ओढलेली हवा तेवढीच राहिली, तर ई-८५ वजनाने दीडपट द्यावे लागते. ते पेट्रोलपेक्षा किंचित जड असल्याने आकारमानाने ही वाढ सुमारे चाळीस टक्के भरते. पूर्ण जोर लावला असता पेट्रोलवरील टर्बो इंजिनास थंड राखण्यासाठी जादा इंधन द्यावेच लागते. इथेनॉल मात्र वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते, म्हणून तेथे ही उधळपट्टी कमी चालते. सबब व्यवहारात वाढ तीस ते चाळीस टक्के धरतात.

आता प्रत्यक्ष हिशोब मांडू. चार सिलिंडरांचे, ३०० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन घ्या. पेट्रोलवर दर अश्वशक्तीस तासाला सुमारे २७० ग्रॅम इंधन धरले, तर तासाला ८१ किलो, म्हणजे १०८ लिटर, म्हणजेच मिनिटाला १८०० सीसी लागते. चार इंजेक्टरांत वाटणी केली असता प्रत्येकाच्या वाट्यास ४५० सीसी येतात. परंतु इंजेक्टर सदासर्वकाळ उघडा ठेवावयाचा नसतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या वेगात एका आवर्तनास एका सेकंदाचा पन्नासावा भाग एवढाच अवधी मिळतो. त्यातील ऐंशी टक्के काळच इंजेक्टर उघडा राहावा, असा सुरक्षित संकेत आहे. ४५० ला ०.८ ने भागले असता ५६० सीसींचे माप निघते.

तेच इंजिन ई-८५ वर नेले, तर दर अश्वशक्तीस तासाला ३७० ग्रॅम धरावे. तासाला १११ किलो म्हणजे सुमारे १४२ लिटर होतात. त्यावरून प्रत्येक इंजेक्टरचे माप सुमारे ७४० सीसी येते. यात बाजारात मिळणारे लगतचे मोठे माप घेतल्यास थोडी शिल्लकही राहते.

परंतु एक मेख येथे आहे. मद्यार्कावर जाणारा मनुष्य बहुधा शक्ती वाढविण्यासाठीच जातो. इथेनॉलला ठोका लवकर लागत नाही, म्हणून टर्बोचा दाब वाढविता येतो. स्वीडनच्या साब कंपनीने २००५ साली आणलेली ९-५ बायोपॉवर ही टर्बो मोटार पेट्रोलवर १५० आणि ई-८५ वर १८० अश्वशक्ती देत असे. ती मोटार आता बनत नाही, पण तिने दिलेला धडा कायम आहे. आपल्या उदाहरणातील गाडीची शक्तीही वीस टक्क्यांनी वाढवून ३६० करावयाची असेल, तर ७४० नव्हे, सुमारे ८९० सीसींचे माप लागेल. जुन्या शक्तीचा हिशोब धरून नवी शक्ती मागणे, म्हणजे मुद्दल न घालता नफ्याची अपेक्षा करणे होय. दाब चढला आणि इंधन अपुरे पडले, तर मिश्रण विरळ होते, उष्णता बेसुमार वाढते आणि काही क्षणांत पिस्टन वितळू शकतो.

मग सर्वांत मोठा इंजेक्टर घेऊन निश्चिंत का होऊ नये? कारण इंजेक्टर उघडण्यासच सुमारे एक हजारांश सेकंद जातो. तोंड फार मोठे असेल, तर गाडी उभी असताना त्याला अत्यल्प वेळच उघडावे लागते आणि तेवढ्यात माप नेमके राहत नाही. इंजिन डळमळते, इंधन वाया जाते. विविध विद्युतदाबांना इंजेक्टर किती वेळाने उघडतो, याचे निर्मात्याने दिलेले कोष्टक मालासोबत मागून घ्यावे.

इंजेक्टरवर छापलेले माप बहुधा ३ बार दाबाचे असते. दाब ४ बार केल्यास प्रवाह तेहतीस नव्हे, तर सुमारे पंधरा टक्केच वाढतो, कारण तो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो. शिवाय टर्बोचा दाब इंधनाच्या उलट दिशेने येतो. मूळ दाब ३ बार आणि टर्बोचा दीड बार असेल, तर पंपास साडेचार बारांवर आपल्या हिशोबाचे १४२ लिटर, आणि वर काही शिल्लक, पुरवता आले पाहिजेत. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आणखी एक दक्षता. ई-८५ या नावावर जाऊ नये. अमेरिकेच्या प्रमाणानुसार त्यात इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि थंडीत ते कमी ठेवतात. म्हणून इंधनातील मद्यार्काचे प्रमाण ओळखणारे यंत्र बसवावे, आणि इंजेक्टर मात्र जास्तीत जास्त प्रमाणाच्या हिशोबाने निवडावा. इथेनॉल पाणी शोषते, काही रबरी भाग फुगवते व काही धातू गंजवते. तेव्हा नळ्या, कड्या व पंप त्यास टिकणारेच असावेत. हा सारा हिशोब सेवन-नलिकेत इंधन फवारणाऱ्या इंजिनांचा आहे. थेट सिलिंडरात फवारणाऱ्या इंजिनांत अवधी याहून कितीतरी कमी मिळतो. तेथे तज्ज्ञांचाच सल्ला घ्यावा.

कायद्याचेही भान असावे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये, मान्यतेशिवाय गाडीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. म्हणून असा माल शर्यतीच्या मैदानासाठी की रस्त्यासाठी, हे गिऱ्हाइकास स्पष्ट विचारावे.

तात्पर्य, माल देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: अपेक्षित शक्ती किती, सिलिंडर किती, इंधनाचा व टर्बोचा दाब किती, आणि इंधन कोणते? या चारांची उत्तरे कागदावर उतरविल्याशिवाय मोठा इंजेक्टर विकणारा दुकानदार त्या दिवशी चार पैसे अधिक कमावील. परंतु बिघडलेले इंजिन घेऊन गिऱ्हाईक परत येईल तेव्हा ते पैसे त्याला महाग पडतील. ज्याने हिशोब करून माल दिला, त्याच्याकडे तेच गिऱ्हाईक आपल्या मित्रांस घेऊन येते.