नोंदणी म्हणजे दर्जाची हमी नव्हे

सास्तूर गावातल्या घरातील आजारी माणसाला उमरगा, लातूर किंवा सोलापूरच्या नर्सिंग होममध्ये न्यायचे ठरले की नातेवाईक भिंतीवरचे नोंदणी प्रमाणपत्र पाहून निश्चिंत होतात. हा समज सार्वत्रिक आहे, पण अपुरा आहे. महाराष्ट्रात ही नोंदणी 1949च्या शुश्रूषागृह कायद्याने होते. तिचा अर्थ किमान अटी पूर्ण झाल्या, एवढाच. वाहन चालवण्याचा परवाना असलेला प्रत्येकजण उत्तम चालक असतोच असे नाही, तसेच हे.

दर्जा तपासण्यासाठी अधिस्वीकृती (स्वतंत्र संस्थेने मानकांनुसार केलेली पडताळणी) वेगळी असते. खासगी रुग्णालये ती एनएबीएच या राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाकडून स्वेच्छेने घेतात. लहान गावांत ती क्वचित दिसते, आणि तिच्या अभावाने रुग्णालय वाईट ठरत नाही.

मग पाहायचे काय? शुश्रूषागृह कायद्याच्या 2021च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. त्याहून महत्त्वाचे रात्रीचे चित्र: प्रशिक्षित परिचारिका किती, डॉक्टर आवारात असतात की फोनवर, प्रकृती बिघडल्यास रुग्ण कुठे हलवणार. सास्तूरमधलेच स्पर्श ग्रामीण रुग्णालयही याच प्रश्नांनी जोखावे. सरकारी रुग्णालयांचा दर्जा तपासण्यासाठी ‘एनक्यूएएस’ ही राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत.