शाळिग्रामातले चक्र

देवघरातला काळा, गुळगुळीत शाळिग्राम आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. एखादा फुटलेला असला तर आत कोरल्यासारखे चक्र दिसते. वज्रकीट नावाचा किडा ते कोरतो, अशी पारंपरिक समजूत आहे.

चक्र नीट पाहू. वेटोळे बाहेर येता येता रुंदावते आणि आडव्या पडद्यांनी त्याचे कप्पे पडलेले असतात. नुसते कोरणाऱ्याला कप्प्यांची गरज काय? वाढत्या प्राण्याला मात्र ती आहे. अंग वाढले की तो शंख पुढे वाढवी व मागच्या रिकाम्या जागेवर पडदा घाली. कप्प्यांतल्या वायूमुळे त्याला पाण्यात तरंगता येई. आजचा नॉटिलस हेच करतो. शाळिग्रामातला प्राणी म्हणजे अमोनाइट. कोकणात मिळणाऱ्या माकुलाचा दूरचा नातेवाईक.

हिमालयात स्पितीपासून नेपाळच्या गंडकी खोऱ्यापर्यंत ज्या काळ्या शेल खडकात हे अमोनाइट सापडतात, त्याला स्पिती शेल म्हणतात. सुमारे १६ ते १४.५ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक कालखंडाच्या उत्तरार्धात, टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेला हा चिखल. त्यात गाडलेल्या शंखांभोवती खनिजे साठून टणक गोटे बनले. पुढे भारतीय भूखंड आशियावर आदळला आणि समुद्रतळ उचलला गेला. म्हणूनच स्पितीतल्या सुमारे ४,४०० मीटर उंचीवरच्या लांग्झा गावाजवळही समुद्री जीवाश्म मिळतात. शेल मऊ असल्याने झिजतो, टणक गोटे सुटून नदीत पडतात आणि घासून गुळगुळीत होतात.

‘आपल्या सह्याद्रीत असे गोटे का नाहीत?’ असे विद्यार्थी विचारतील. सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्हारसापासून बनला, तोही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. अमोनाइट संपले तेही साधारण तेव्हाच.

अमोनाइटांच्या जाती झपाट्याने बदलत आणि दूरवर पसरत. त्यामुळे कोणत्या थरात कोणती जात आहे यावरून आम्ही खडकाचे वय ठरवतो, दूरदूरच्या थरांची जुळणी करतो. पण थर न नोंदवता विक्रीसाठी उचललेला गोटा यातले काहीच सांगू शकत नाही. म्हणून सहलीत जीवाश्म दिसला तर तो उपटू नये. जागा टिपावी, चित्र काढावे, थर मोजावा. खडकाचा इतिहास जीवाश्माइतकाच त्याच्या जागेत लिहिलेला असतो.