बांगडा, तारली आणि हृदयविकाराचा रुग्ण

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णास घरी सोडताना त्याचे नातेवाईक आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, आता मासे बंद करायचे का?" आमचे बहुसंख्य रुग्ण कोकणपट्टीतील असल्याने या प्रश्नामागील चिंता आम्ही जाणतो. मासे बंद करण्याचे कारण नाही, असे सांगताच घरची मंडळी पापलेटची चौकशी करू लागतात. आजारी माणसाला महागातला मासा द्यावा, ही भावना स्तुत्य आहे. परंतु हृदयाच्या दृष्टीने पाहता बाजारात त्याहून पुष्कळ स्वस्त मिळणारे बांगडा, तारली व पेडवे हे अधिक उपयोगी आहेत.

या माशांना 'तेलकट' म्हटले की रुग्ण दचकतात. येथे तेलकट याचा अर्थ तेलात तळलेले असा नसून, ज्यांच्या मांसातच स्निग्धांश साठलेला असतो असे मासे, असा आहे. त्या स्निग्धांशात ओमेगा-३ प्रकारची मेदाम्ले असतात. मासे ती मुख्यत्वे समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपासून अन्नसाखळीतून मिळवतात. आपले शरीर मात्र ती फारच अल्प प्रमाणात तयार करू शकते. रक्तातील ट्रायग्लिसराइड कमी करणे हा त्यांचा सर्वांत निर्विवाद परिणाम होय.

या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले ते बँग व डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी. १९७० च्या दशकात त्यांनी ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांच्या रक्ताचा व आहाराचा अभ्यास केला. सील व मासे खाणाऱ्या त्या लोकांत हृदयविकार क्वचितच आढळतो, असा समज त्यातून रूढ झाला. त्यास आधारभूत नोंदी अपुऱ्या होत्या, असे कॅनडातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. तोवर अधिक काटेकोर अभ्यास झाले होते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या वेल्समधील अभ्यासात, झटक्यातून बचावलेल्या २,०३३ पुरुषांपैकी काहींना आठवड्यातून दोनदा तेलकट मासे खाण्याचा सल्ला देण्यात आला. दोन वर्षांत त्या गटातील मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. झटक्यांची एकूण संख्या मात्र घटली नाही. पुढे २००३ मध्ये, छातीत दुखण्याचा विकार असलेल्या पुरुषांवरील अशाच अभ्यासात लाभ दिसला नाही. तेव्हा माशाला रामबाण उपाय म्हणणे आम्हांस मान्य नाही.

२०२१ मध्ये ५८ देशांतील सुमारे १,९१,००० लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. ज्यांना आधीच हृदयाचा वा रक्तवाहिन्यांचा विकार आहे, त्यांच्यात आठवड्याला किमान १७५ ग्रॅम मासे खाणाऱ्यांना पुढील धोका कमी असल्याचे त्यात आढळले, आणि हा संबंध तेलकट माशांच्या बाबतीत अधिक ठळक होता. निरोगी लोकांत तसा फरक दिसला नाही. निरीक्षणावरून काढलेला हा निष्कर्ष अंतिम पुरावा ठरत नाही. तरीही आठवड्यातून दोनदा मासे खावेत, हा सल्ला आमच्या रुग्णांना देण्यास तो पुरेसा आहे.

माशाच्या तेलाच्या गोळ्यांचे तसे नाही. मुले परगावाहून मोठ्या प्रेमाने महागड्या बाटल्या पाठवितात. परंतु १५,४८० मधुमेही रुग्णांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज एक ग्रॅम ओमेगा-३ च्या गोळीने गंभीर हृदयविकार टळले नाहीत. मोठ्या मात्रेने तर काहींच्या हृदयाची लय बिघडण्याचा संभव वाढतो. त्याच पैशांत घरातील सर्वांना पुरेल इतके तारले येतील!

स्वयंपाकाची रीतही महत्त्वाची आहे. रवा लावून भरपूर तेलात तळलेला बांगडा चविष्ट खरा, पण तो रोजचा होऊ नये. तिरफळ घालून केलेले तिखले, पातळ कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेला मासा चांगला. पावसाळ्यात घरोघरी निघणारा खारा बांगडा व सुकट यांत मीठ पुष्कळ असते. रक्तदाबाच्या व हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांनी ते टाळलेलेच बरे. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात व तारलीत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजवूनही नष्ट होत नाही, आणि त्यामुळे अंग लाल होणे, डोके दुखणे, धडधडणे असे त्रास होतात. म्हणून मासा ताजाच घ्यावा.

आमचे अनेक देणगीदार व रुग्ण शाकाहारी आहेत. जवस व अक्रोड यांत ओमेगा-३ चा वनस्पतिज प्रकार असतो. माशातील प्रकारात त्याचे रूपांतर शरीरात थोडेच होते, तरी जवसाची चटणी ताटात असावी. त्यांनी केवळ हृदयासाठी मासे खाण्यास आरंभ करावा, असे आम्ही कोणासही सुचवीत नाही.

एका गोष्टीची मात्र आम्हांस धास्ती वाटते. "आता बांगडा नियमित चालू आहे" असे सांगून गोळ्या परस्पर थांबविणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. स्टेंट बसविलेल्या रुग्णाने रक्त पातळ ठेवणारी औषधे अशी बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. घरी जाताना दिलेल्या कागदावर औषधांची नावे आणि वेळा लिहिलेल्या असतात. त्यांतील एकही गोळी आम्हांस विचारल्याशिवाय सोडू नये.